नाविक ते नौदल अधिकारी : लोअर डेकवरून वॉर्डरूमपर्यंतची वाट, पायरी पायरीने

शिडाच्या जहाजांच्या काळात ब्रिटिश नौदलात एक बोली रूढ होती. मोठ्या घरच्या, ओळखीपाळखीने आलेल्या अधिकाऱ्याला 'केबिनच्या खिडकीतून आलेला' म्हणत. नाविक म्हणून भरती होऊन पुढे अधिकारी झालेल्याला म्हणत 'नांगराच्या भोकातून आलेला'. जहाजाच्या नाळेवर नांगराचा दोर ज्या भोकातून आत ओढला जातो, ते हे भोक. ओलं, अरुंद आणि चिखलाने माखलेलं. जेम्स कुक १७५५ साली साधा नाविक म्हणून नौदलात शिरला आणि लेफ्टनंट व्हायला त्याला १७६८ उजाडलं.

लोअर डेकवरून (नाविकांमधून) वॉर्डरूममध्ये (अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये) जाण्याची ही वाट भारतीय नौदलात आजही उघडी आहे. नुकतेच अग्निवीर झालेले, लीडिंग हँडच्या बिल्ल्याची वाट पाहणारे किंवा पेटी ऑफिसर होऊन 'आता पुढे काय' असा विचार करणारे, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ती भेटणार आहे. चांगला नाविक स्वतःच्या हाताने काम चोख करतो. चांगला अधिकारी ते काम दुसऱ्याच्या हातून चोख करून घेतो आणि चुकलं तर स्वतः पुढे होतो. शिफारस मिळते पहिल्या गुणावर, निवड होते दुसऱ्यावर. या दोहोंमधली उडी न जमल्यामुळे हुशार माणसं मागे राहतात.

दारं कोणती आहेत

नाविकांची शिडी अशी : सीमन सेकंड क्लास, सीमन फर्स्ट क्लास, लीडिंग, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर, मास्टर चीफ सेकंड क्लास आणि मास्टर चीफ फर्स्ट क्लास. शाखेप्रमाणे नावं थोडी बदलतात, पायऱ्या त्याच. या शिडीवरून अधिकाऱ्यांच्या शिडीवर जायची मुख्य दारं दोन.

पहिलं सीडब्ल्यू, म्हणजे 'कमिशन वर्थी' योजना : कमिशनला, म्हणजे अधिकारीपदाच्या नेमणुकीला, लायक. ही तुलनेने तरुण नाविकांसाठी. 'या मुलात अधिकारी होण्याचा ऐवज आहे' असं जहाजावरच्या वरिष्ठांनी ओळखायचं, त्याचे कागद वर पाठवायचे, मग परीक्षा, एसएसबी (निवड मंडळाच्या चाचण्या) आणि केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीत प्रशिक्षण. वय हाताशी असल्यामुळे पुढची कारकीर्द लांब असते.

दुसरं एसडी, म्हणजे स्पेशल ड्यूटीज यादी. हे दार अनुभवी ज्येष्ठ नाविकांसाठी. ज्या शाखेत वर्षं घालवली, त्याच शाखेतला जाणकार अधिकारी म्हणून कमिशन मिळतं. तोफा, संदेशवहन, इंजिन, वीज अशा विषयांत ज्याचा शब्द शेवटचा मानला जातो, असा माणूस इथे लागतो. पदाची झेप मर्यादित असते, पण विषयातला अधिकार मोठा असतो.

या दोन्हींखेरीज बाहेरच्या परीक्षांचा रस्ताही आहे. वय आणि शिक्षण बसत असेल तर कमांडिंग ऑफिसरच्या परवानगीने त्या देता येतात. मात्र सीडीएसमधून (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेतून) नौदल अकादमीसाठी अभियांत्रिकीची पदवी लागते, हे अनेकांना फार उशिरा कळतं. प्रजासत्ताक दिनी आणि स्वातंत्र्यदिनी जाहीर होणारं मानद कमिशन ही गोष्ट निराळी. तो दीर्घ, निष्कलंक सेवेचा सन्मान असतो आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर मिळतो. तो मोलाचा आहेच, पण त्याला अधिकारीपदाची कारकीर्द समजू नका.

पहिली चार वर्षं : पाया कशाचा घालायचा

२०२२ पासून नाविक भरती मुख्यतः अग्निपथ योजनेतून होते. एसएसआरसाठी (सीनियर सेकंडरी रिक्रूट) बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र, एमआरसाठी (मॅट्रिक रिक्रूट) दहावी. ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर मूलभूत प्रशिक्षण होतं. मार्च २०२३ मध्ये तिथून बाहेर पडलेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकडीत २७३ मुली होत्या, त्यामुळे हा लेख मुलींनीही आपलाच समजावा. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतलं जातं. म्हणजे अधिकारी होण्याआधीचा पहिला डोंगर कायम होण्याचा. कमिशनच्या स्वप्नात हा डोंगर विसरू नका.

शाखा मिळते ती गुण, कल आणि नौदलाची गरज पाहून. इंजिनवाले लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर जातात, वीजवाले जामनगरच्या वलसुरावर, लॉजिस्टिक्सवाले मालाडजवळ मार्वेच्या हमलावर, तोफखान्याचे कोचीच्या द्रोणाचार्यवर. मनासारखी शाखा मिळाली नाही म्हणून वर्षभर खंतावत बसणारे पुष्कळ असतात, आणि नेमकं तेच वर्ष वार्षिक अहवालात कच्चं दिसतं. शाखा कोणतीही असो, तिच्यातल्या अभ्यासक्रमात वरचा क्रमांक आला की तो सेवापुस्तकात कायमचा राहतो. दहा वर्षांनी निवड करणारा अधिकारी तो वाचतो.

या काळात तीन गोष्टींना धक्का लागू देऊ नका. एक, शिस्तीची नोंद. लिबर्टीवरून (किनाऱ्यावरच्या सुट्टीवरून) उशिरा परतणं, रजेहून एक दिवस जास्त राहणं या गोष्टी त्या दिवशी किरकोळ वाटतात, पण शिक्षेची नोंद अनेक वर्षं पाठलाग करते. दोन, वैद्यकीय श्रेणी. फुटबॉल खेळताना गुडघा दुखावला तर तो लपवू नका, वेळेवर उपचार घेऊन श्रेणी पूर्ववत करून घ्या. लपवलेली दुखापत नेमकी निवडीच्या वर्षी उघडी पडते. तीन, शिक्षण. बारावीवर थांबू नका. समुद्रावर राहून मुक्त विद्यापीठाची पदवी पूर्ण होते, फक्त विद्यापीठ मान्यताप्राप्त हवं. परीक्षेची तारीख आणि जहाजाचं नौकानयन एकाच आठवड्यात आलं तर काय, याचा विचार अर्ज भरतानाच करा आणि दरवर्षी एक परीक्षा बुडणार हे गृहीत धरून वेळापत्रक आखा.

कागद कसे हलतात

लायक माणसाचं नाव वर न जाण्याचं कारण बहुतेक वेळा कागदात असतं, त्यामुळे इथे जरा थांबू.

नाविकाची प्रत्येक मागणी रिक्वेस्ट फॉर्मवर सुरू होते. तो जातो आपल्या डिव्हिजनल ऑफिसरकडे, म्हणजे डीओकडे. तिथून विभागप्रमुख, मग एक्झिक्युटिव्ह ऑफिसर आणि शेवटी कमांडिंग ऑफिसर. प्रत्येक टेबलावर 'शिफारस आहे' किंवा 'नाही' असा शेरा पडतो. म्हणून फॉर्म भरण्याच्या किमान सहा महिने आधी डीओशी उघड बोला : 'सर, मला सीडब्ल्यूसाठी तयारी करायची आहे. माझ्यात काय कमी दिसतं?' असं विचारणारा नाविक डीओच्या लक्षात राहतो आणि पुढच्या सहा महिन्यांत त्याला पारखण्याची कामंही मिळतात. फॉर्म घेऊन अचानक उभा राहणाऱ्याबद्दल लिहायला डीओकडे काही नसतं, आणि मग शेरा कोमट पडतो.

दरवर्षी तुमचं मूल्यमापन होतं, त्याला बोलीत जेनफॉर्म म्हणतात. एक उत्कृष्ट अहवाल आणि दोन साधारण अहवाल यांपेक्षा तीन सलग चांगले अहवाल जड भरतात. अहवालाच्या काळात आपण काय केलं याची स्वतःची वही ठेवा : तारीख, काम, तुमच्या हाताखाली किती जण होते, निकाल काय लागला. 'पंप दुरुस्त केला' असं लिहू नका. 'तीन ज्युनियरना घेऊन पंप उघडला, नौकानयनाच्या आदल्या रात्री चालू केला, नंतर दोघांना ते काम स्वतंत्रपणे जमू लागलं' असं लिहा. डीओ वर्षअखेरीस घाईत असतो. तुमच्या वहीतली एक ओळ त्याच्या अहवालात जशीच्या तशी उतरू शकते.

वय, सेवेची वर्षं, शिक्षण आणि कट-ऑफ तारखा त्या त्या वर्षीच्या नौदल आदेशात दिलेल्या असतात. तो आदेश स्वतः वाचा. मेसमधल्या सिनियरने सांगितलेली वयोमर्यादा त्याच्या काळातली असते. कट-ऑफ तारखेला आपलं वय किती वर्षं, किती महिने, किती दिवस आहे हे हिशेब करून वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्यावरून हातात किती संधी उरतात ते मोजा.

ठरलेल्या चुका अशा : दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि सेवापुस्तकातलं नाव यांत एका अक्षराचा फरक. पदवी मिळाली, पण तिची नोंद सेवाकागदात झाली नाही. बदलीचा आदेश आला आणि अर्ज जुन्या जहाजाच्या कार्यालयात पडून राहिला. या तिसऱ्या चुकीवर उपाय सोपा आहे : बदलीवर निघण्यापूर्वी अर्ज कोणत्या पत्राने, कोणत्या तारखेला पुढे गेला ते शिप्स ऑफिसातून लिहून घ्या आणि नव्या ठिकाणी हजर झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात नव्या डीओला दाखवा.

तयारी : समुद्रावर जमेल अशी

तयारीसाठी मोकळा वेळ मिळेल ही आशा सोडा. वॉच (पाळीची ड्यूटी) सांभाळून दिवसाचा पाऊण तास मिळाला तरी पुष्कळ. त्यातली पंधरा मिनिटं इंग्रजी मोठ्याने वाचा, मोठ्यानेच. मराठी माध्यमातून आलेल्यांचं वाचन आणि लेखन बरं असतं, अडतं ते तोंड उघडताना. दुसरी पंधरा मिनिटं एका विषयावर तीन मिनिटं बोलायचं, मेसमधल्या मित्राने घड्याळ लावायचं, आणि हे पाच वेळा. उरलेल्या वेळात एका बातमीची पाच वाक्यांत नोंद : काय झालं, कुठे, का, त्यात भारताचा संबंध काय, पुढे काय होऊ शकतं.

एक सावधगिरी. २०१९ च्या अखेरीस नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी घातली, ती हेरगिरीच्या प्रकरणात नाविक पकडले गेल्यानंतर. तयारीच्या नावाखाली अनोळखी गटांत सामील होऊन जहाजाचं नाव, शाखा, फोटो टाकू नका. 'सर्व्हिंग कँडिडेट'ला फुकट मार्गदर्शन देतो म्हणणाऱ्या प्रत्येकाचा हेतू मार्गदर्शनाचा नसतो.

एसएसबीचे पाच दिवस

नौदलाच्या उमेदवारांसाठी भोपाळ, बेंगळुरू, विशाखापट्टणम, कोलकाता अशा ठिकाणी निवड मंडळं बसतात. पहिल्या दिवशी छाननी : बुद्धिमापन चाचणी, आणि एक अस्पष्ट चित्र पाहून गोष्ट लिहून तिच्यावर गटचर्चा. त्यात राहिलेल्यांची पुढे मानसशास्त्रीय चाचणी, मैदानी कामं, मुलाखत आणि शेवटची कॉन्फरन्स. सगळीकडे मोजले जातात ते पंधरा अधिकारी-गुण : जबाबदारीची जाणीव, पुढाकार, निर्णयाचा वेग, गटावर प्रभाव, धैर्य वगैरे.

सेवेतल्या उमेदवाराकडे खरे अनुभव असतात. कॉलेजातून आलेल्या मुलाला 'तू कधी माणसं सांभाळलीस का' या प्रश्नावर गॅदरिंगची गोष्ट सांगावी लागते. तुमच्याकडे फायर पार्टी असते, बोट लोअर करणारा गट असतो, मध्यरात्री बंद पडलेला जनरेटर असतो. तरीही सेवेतले उमेदवार का गळतात? कारण वर्षानुवर्षांच्या नोकरीने त्यांना 'वर विचारून मग' करायची सवय लावलेली असते, आणि ती सवय कागदावर उतरते.

प्रसंग-प्रतिक्रिया चाचणीत ६० प्रसंग आणि ३० मिनिटं, म्हणजे एकाला अर्धा मिनिट. समजा प्रसंग असा : रात्री ड्यूटीवर असताना स्विचबोर्डमधून धूर निघताना दिसला, वरिष्ठ जागेवर नाही. सेवेतला उमेदवार लिहितो, 'ताबडतोब वरिष्ठांना कळवतो.' चूक काही नाही, पण यात तुम्ही कुठे आहात? याच अर्ध्या मिनिटात असं लिहिता येतं : 'आगीची सूचना दिली, त्या भागाचा वीजपुरवठा तोडला, कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाने आग विझवली, एकाला वरिष्ठांकडे पाठवलं, नंतर कारण शोधून नोंद केली.' हे तुम्ही रोजच्या सरावात करताच. फक्त लिहिताना हात आखडतो.

शब्द-चाचणीत ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. 'शिस्त' शब्द आला की हात आपोआप 'शिस्त पाळली पाहिजे' लिहितो. हे डिव्हिजन्सवरचं (परेडवरचं) भाषण झालं. 'शिस्तीमुळे सगळे दोन मिनिटांत आपापल्या जागी पोहोचले' हे घडलेलं वाक्य आहे. 'पाहिजे', 'असावे', 'करू नये' ही क्रियापदं दिसली की थांबा. सरावात दहा दिवस रोज वीस वाक्यं लिहा आणि ही क्रियापदं लाल शाईने खोडा.

चित्रकथांच्या चाचणीत अकरा चित्रं आणि एक कोरी पाटी असते. अर्धा मिनिट पाहायचं, चार मिनिटं लिहायचं. बाराही गोष्टी जहाजावर घडवू नका आणि प्रत्येक गोष्टीचा नायक 'आदेश मिळताच' कामाला लागू देऊ नका. त्याला स्वतःला काहीतरी दिसू द्या, खटकू द्या.

मैदानावर सीमन शाखेच्या उमेदवाराची एक खास गोची होते. प्रोग्रेसिव्ह ग्रुप टास्कमध्ये फळी, बल्ली आणि दोर देऊन अडथळा पार करायचा असतो. इतर मुलं दोराशी झटत असतात. तुम्हाला लॅशिंग डोळे मिटून येतं. तुम्ही दोर हातात घेता, गाठ बांधत बसता, सुरेख बांधता, आणि तेवढ्यात पुढची कल्पना दुसऱ्याने मांडून गट त्याच्यामागे गेलेला असतो. परीक्षकाला गाठ दिसत नाही, गट कोणाकडे पाहतोय ते दिसतं. पहिली गाठ बांधून दाखवा, दुसरी शेजाऱ्याकडून बांधून घ्या आणि स्वतः मान वर करून पुढच्या खांबाकडे बघा.

वैयक्तिक अडथळ्यांत दहा अडथळे, तीन मिनिटं, एकूण ५५ गुण. अवघड अडथळ्याला गुण जास्त. आदल्या दिवशी मैदान लांबून पाहून क्रम ठरवा : जवळजवळ असलेले एका फेरीत घ्या, दम लागण्याआधी दोराचे उरका.

मुलाखतीत तुमच्या माहितीपत्रकापासून सुरुवात होते. दहा-बारा प्रश्न एका दमात विचारले जातात, त्यांची उत्तरं क्रमाने द्यायची असतात. 'अधिकारी का व्हायचंय?' हा प्रश्न येणारच. पगार किंवा मान हे कच्चं उत्तर. त्याहून कच्चं म्हणजे आपल्या जुन्या अधिकाऱ्यांच्या चुका सांगणं. लोअर डेकवर काय खुपलं हे जरूर सांगा, पण त्यावर आपल्या पातळीवर आपण काय केलं हे लगेच जोडा. वॉच बिलात (पाळ्यांच्या यादीत) नवख्यांवरच रात्रीचे वॉच लादले जात होते, मी लीडिंग झाल्यावर फेरा बदलला : असं एक खरं उदाहरण पानभर तत्त्वांपेक्षा जास्त बोलतं. आणि मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर प्रत्येक वाक्यामागे 'सर' लावू नका. आदर असावा, पण तुम्ही तिथे रिक्वेस्ट घेऊन उभे नाही.

वैद्यकीय तपासणीबद्दल थोडक्यात : कानातला मळ, किडलेले दात आणि वाढलेलं वजन ही टाळता येण्याजोगी कारणं आहेत. तीन महिने आधी ती निपटा. शिफारस मिळाली आणि वैद्यकीय पार पडली तरी जागांच्या संख्येप्रमाणे गुणवत्ता यादी लागते, तोवर जहाजावरची नोकरी तशीच नेटाने करा.

एळिमला

भारतीय नौदल अकादमी केरळात कण्णूर जिल्ह्यात, समुद्रात घुसलेल्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. ८ जानेवारी २००९ रोजी तिचं औपचारिक उद्घाटन झालं. नाविक म्हणून वर्षं काढलेल्याला इथलं ड्रिल, पोहणं, बोटी यांची भीती नसते. त्रास वेगळाच असतो. बरोबरचे कॅडेट वयाने लहान. ड्रिल शिकवणारा चीफ कदाचित तुमच्याच बॅचचा. काल तुम्ही ज्याला नावाने हाक मारत होता, त्याच्या आरोळीवर आज पळायचं. मनात अढी न धरता पळा. तो त्याचं काम करतोय, आणि तुम्ही ते कसं घेता हे पाहणारे डोळे बरेच असतात.

दुसरा त्रास अभ्यासाचा. हायड्रोडायनॅमिक्स, नेव्हिगेशनचं गणित, लष्करी कायदा, आणि या सगळ्यावर इंग्रजीतून लेखन. हाताला येणारी गोष्ट वहीत सिद्ध करून दाखवावी लागते. पहिल्या महिन्यातच शिकवणी लागेल असा विषय ओळखा आणि शेजारच्या इंजिनिअर मुलाला बिनधास्त विचारा. बदल्यात त्याला रायफल साफ करायला, बोलाइनची गाठ बांधायला शिकवा. हा सौदा दोघांनाही फळतो.

दीक्षान्त संचलनाच्या शेवटी संथ चालीत 'अंतिम पग' टाकला की घरच्यांच्या हातून खांद्यावर पट्ट्या चढतात. इथे आई-बाबांइतकाच हक्क पत्नीचा, आणि असलेच तर मुलांचाही. सेवेतून आलेल्यांच्या बाबतीत हे दृश्य नेहमी दिसतं.

पहिलं जहाज, अधिकारी म्हणून

ब्रिजवरच्या (जिथून जहाज चालवतात तिथल्या) वॉचपासून सुरुवात करू. मिडल वॉच रात्री बारा ते चार. पंधरा-वीस मिनिटं आधी वर या, डोळे अंधाराला सरावू द्या, कॅप्टनचे रात्रीचे आदेश वाचून सही करा, चार्टवर जहाज कुठे आहे ते स्वतः पाहा. डोळे सरावल्याशिवाय वॉच हाती घेऊ नका.

आता समजा उजव्या बाजूला एक लाल दिवा दिसला. लाल म्हणजे तुम्हाला त्या जहाजाची डावी कूस दिसते आहे, ते तुमच्या उजवीकडून डावीकडे चाललं आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्कर-प्रतिबंधक नियमांतला पंधरावा नियम सांगतो की ज्याच्या उजव्या हाताला दुसरं जहाज, त्याने वाट द्यायची. पण आधी धोका आहे की नाही ते ठरवा. होकायंत्रावर दिशांक (दिवा किती अंशांवर दिसतो ते) घ्या : समजा ०४५. तीन मिनिटांनी पुन्हा : ०४५. आणखी तीन मिनिटांनी ०४४, आणि दिवा मोठा झालेला. दिशांक जवळजवळ तोच, अंतर कमी होतंय, म्हणजे टकरीचा धोका आहे. आता लवकर आणि ठळक वळण घ्या, समोरच्याला कळेल इतकं. पाच-पाच अंशांनी चोरटं वळण घेतलं तर समोरच्याला तुमचा हेतू कळत नाही.

लुकआउट (टेहळ्या) म्हणून रात्री काढलेल्या नाविकाला दिवा इतरांआधी दिसतो. मग तो स्वतःच दुर्बीण घेऊन ब्रिजच्या कडेला उभा राहतो आणि लुकआउट त्याच्या शेजारी रिकामा. तेवढ्या वेळात रडार कोण पाहतंय, खोली कोण पाहतंय, सुकाणूवर काय चाललंय? अधिकाऱ्याची जागा मध्ये आहे. लुकआउटला पाहू द्या, त्याचा अहवाल घ्या, दिशांक दुसऱ्याकडून मागवा. शंका आली की कॅप्टनला उठवा. लोअर डेकवरून आलेले अनेक जण इथे कचरतात, 'साहेबांना कशाला उठवायचं' या जुन्या सवयीने. रात्रीच्या आदेशात लिहिलेल्या अंतराच्या आत कुणी येणार असेल तर उठवायचंच, आणि वेळ शिल्लक असताना उठवायचं.

इंजिन रूममधून आलेल्याचा मोह दुसरा. पंप अडला की पाना हातात घ्यावासा वाटतो. पहिल्या महिन्यात एकदा घ्या, नाविकांना कळू द्या की तुम्हाला येतं. त्यानंतर पाना चीफच्या हातात. तुम्ही सुटे भाग, मनुष्यबळ आणि वेळ यांची तजवीज करा आणि वरच्या प्रश्नांना उत्तरं द्या. चीफच्या हातातलं काम काढून घेणारा अधिकारी चीफला त्याच्याच माणसांसमोर लहान करतो. चीफचा मान गेला की विभाग वर्षभर खुरडत चालतो.

मग येतं डिव्हिजनल ऑफिसरचं काम, आणि इथे तुमच्या आधीच्या सगळ्या वर्षांचं सोनं होतं. हाताखालच्या प्रत्येक नाविकाचं एक पान ठेवा : घरी कोण, कर्ज किती, शेवटची रजा कधी, कोणती परीक्षा बाकी, कशाने गप्प गप्प आहे. गावी वडील आजारी असताना रजा मागायला का कचरतात हे तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही. डिफॉल्टर्सच्या टेबलासमोर (शिस्तभंगाच्या सुनावणीत) तुमचा नाविक टोपी उतरवून उभा असतो आणि कमांडिंग ऑफिसर विचारतात, 'डीओ, याच्याबद्दल काय?' तेव्हा 'ठीक आहे, सर' एवढंच म्हणणं हा त्या मुलावर अन्याय आहे. तो कामात कसा आहे, आधी काही नोंद आहे का, या वेळी काय घडलं, हे तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. खरं तेच, त्याच्या विरुद्ध जाणारंही.

दोन टोकं टाळा. लोअर डेकच्या सगळ्या युक्त्या तुम्हाला ठाऊक आहेत, म्हणून त्या पकडण्यातच धन्यता मानणारा अधिकारी लवकर एकटा पडतो. दुसरीकडे जुन्या मित्रांना खासगीत सवलती देणारा आणखी लवकर बदनाम होतो. जुन्या मेसमेटशी फोनवर 'अरे-तुरे' राहू द्या. गणवेशात असताना त्याने 'सर' म्हणणं आणि तुम्ही त्याला चीफ म्हणणं, यात दोघांचाही मान आहे. नाविकांच्या मेसमध्ये बोलावल्याशिवाय जाऊ नका, गेलात तर टोपी काढून जा. हाताखालच्या नाविकाकडून उसने घेऊ नका आणि त्याला देऊही नका. अडचणीत असेल तर कल्याण निधीची वाट दाखवा, अर्ज लिहायला मदत करा.

लिखाणाचीही तयारी ठेवा. सर्व्हिस रायटिंगचे तीन प्रकार पहिल्या तिमाहीत हातात बसले पाहिजेत : औपचारिक पत्र, सिग्नल आणि फाइलवरची टिपणी. जुन्या चांगल्या फाइली काढून हाताने उतरवून घ्या. कंटाळवाणं आहे, पण दुसरा जलद उपाय नाही.

पगार, खाती आणि जुना-नवा नंबर

सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात पेटी ऑफिसरचं मूळ वेतन २९,२०० पासून, चीफचं ३५,४०० पासून आणि सब लेफ्टनंटचं ५६,१०० पासून सुरू होतं. सैन्य सेवा वेतन ५,२०० वरून १५,५०० होतं. आकडा मोठा दिसतो, पण पहिल्या वर्षी त्यातून गणवेशांचे संच, वॉर्डरूमचं मेस बिल आणि बदलीचा खर्च जातो. पहिल्या सहा महिन्यांत गाडीचा हप्ता डोक्यावर घेऊ नका.

कमिशन मिळालं की वैयक्तिक नंबर बदलतो आणि त्याबरोबर अर्ध्या आयुष्याचे कागद. नाविकांचा भविष्य निर्वाह निधी एएफपीपी, अधिकाऱ्यांचा डीएसओपी. जुन्या खात्यातली शिल्लक नव्यात वळती झाल्याचं लेखी घ्या. गट विम्याचं नामनिर्देशन, कुटुंबाची ओळखपत्रं, कँटीन कार्ड, बँकेतला पगार खात्याचा प्रकार, चालू कर्जाची कपात, हे सगळं एका यादीत लिहून एकेक करून उरका. अग्निवीर म्हणून काढलेली चार वर्षं पेन्शनसाठी धरली जात नाहीत, नियमित नाविक म्हणून केलेली सेवा मात्र पुढे मोजली जाते. ती मोजली जावी म्हणून जुना नंबर, शेवटच्या नाविक-पदाची तारीख आणि कमिशनची तारीख एका कागदावर लिहा, सेवाकागदांच्या साक्षांकित प्रती त्याला जोडा आणि ते पाकीट घरी, जहाजाबाहेर ठेवा. बदल्यांच्या धावपळीत हेच पाकीट सगळ्यात आधी हरवतं.